काउंटरवर तू, परवान्यावर मालक

पत्र: "ताई, माझं वय २४. गाव लातूर जिल्ह्यात, सध्या पुण्यात एका वाइन शॉपवर काउंटरला आहे. जवळ दोन कॉलेजं आणि पाच-सहा होस्टेलं. संध्याकाळी सातनंतर जाळीपुढे नुसती झुंबड, त्यात निम्मी पोरं. काहींना अजून मिसरूड फुटलेलं नसतं. मालक म्हणतात, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, वय बघत बसलास तर रांग तुंबते. परवा चौदा-पंधराचा एक मुलगा 'पप्पांनी पाठवलंय' म्हणून क्वार्टर घेऊन गेला. दिली मीच. आता डोक्यातून जात नाही. उद्या काही झालं तर आत कोण जाणार, मी का मालक? मालक तर म्हणतात, दंड बसला तर तुझ्याच पगारातून कापीन. नोकरी सोडावी तर घरी बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता आहे. काय करू? नाव छापू नका."

*

आत कोण जाणार हे आधी सांगते. दोघंही जाऊ शकता. फरक एवढाच, की मालकाचा परवाना जाऊ शकतो आणि तो आतही जाऊ शकतो. तुझ्याकडे परवाना नाही, म्हणून तुझ्या वाट्याला फक्त दुसरी गोष्ट येते.

तू दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेस. दुकानात सगळेच तसं करत असणार, त्यामुळे तुझा दोष नाही. एक म्हणजे १८ च्या आतलं मूल. दुसरं म्हणजे १८ पूर्ण झालेला, पण दारू घेण्याच्या वयाचा न झालेला पोरगा. जाळीतून बघताना दोघं सारखेच दिसतात, पण कायद्यात त्यांची घरं वेगळी आहेत.

१८ च्या आतल्या मुलाला दारू देणं हा बाल न्याय कायद्याखालचा गुन्हा आहे. २०१५ चा कायदा, कलम ७७. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ जो देईल किंवा द्यायला लावील, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. सूट एकच, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर. 'जो देईल' यात तू बसतोस. 'जो द्यायला लावील' यात गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही असं सांगणारे तुझे मालक बसतात. त्या कलमात 'जाणूनबुजून' असं कुठे म्हटलेलं नाही. म्हणून 'मला मोठा वाटला' यावर फार विसंबू नकोस. वयाचा वाद झालाच, तर त्याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. दाढी किती आली होती, हे कुणी विचारत नाही.

पुण्यात राहतोस, तेव्हा १९ मे २०२४ ची रात्र तुला सांगायला नको. कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. पेपरांनी त्या मुलाच्या बापावर, आजोबांवर, रक्ताच्या नमुन्यांवर आणि जामिनाच्या अटीतल्या निबंधावर पानंच्या पानं भरली. तुझ्या कामाची बातमी त्यात मधेच कुठेतरी होती. त्या रात्री तो ज्या दोन ठिकाणी बसला होता, तिथल्या मालक-मॅनेजर मंडळींना अटक झाली, आणि त्यांच्यावर बाल न्याय कायद्याची कलमं ७५ आणि ७७ लागली. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दोन्ही ठिकाणांना सील ठोकलं. एका ठिकाणचं बिल ४८ हजारांचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. त्या बिलातला नफा मालकाचा. मॅनेजर मात्र तुझ्यासारखाच पगारावरचा माणूस.

दुकानात तुला कुणीतरी म्हणेल, 'अरे, हा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस काही करू शकत नाहीत.' ते अर्धं खरं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्यातले ३ ते ७ वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले, म्हणजे तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. पण ते अजामीनपात्रही आहेत, म्हणजे जामीन तुझा हक्क नाही, कोर्टाला पटला तरच. अशी विचित्र जोडी का केली, हे करणाऱ्यांनाच ठाऊक. मला विचारशील तर लहान मुलांच्या बाबतीत ही दुरुस्ती चुकलीच. पण तुझ्यापुरतं बघ: पुण्याचं प्रकरण या दुरुस्तीनंतरचं, तरी अटका झाल्याच.

आता दुसरं घर. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बीअर २१ पूर्ण झाल्यावर, आणि व्हिस्की, रम, व्होडका असलं कडक सगळं २५ पूर्ण झाल्यावर. स्ट्राँग बीअरला २१ पुरेत, असं धरून चालू नकोस. (तुझं वय २४. म्हणजे तू दिवसभर विकतोस तो खंबा तुला स्वतःला अजून विकत घेता येत नाही.) बाहेरच्या राज्यातली पोरं काउंटरवर वाद घालतील, राजस्थानात १८ ला मिळते, उत्तर प्रदेशात २१ ला. मिळत असेल. दुकान ज्या राज्यात, नियम त्या राज्याचा.

१९ वर्षांच्या पोराला रम दिलीस तर कलम ७७ लागत नाही, तो कायद्याने मूल नाही. पण परवान्याची अट मोडते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी तो निलंबित करू शकतो, रद्दही करू शकतो. अट मालकाने मोडली काय किंवा त्याच्या नोकराने मोडली काय, त्या कलमाला दोन्ही सारखंच. 'पोराने परस्पर दिली, मी दुकानात नव्हतो' हे मालकांच्या तोंडी बसलेलं वाक्य तिथे फारसं टिकत नाही. बऱ्याचदा प्रकरण तडजोडीची रक्कम भरून मिटतं, म्हणून मालक लोक निर्धास्त असतात. नेहमीच मिटतं असं नाही. ७ जुलै २०२४ ला वरळीत बीएमडब्ल्यूने एका बाईला चिरडलं. चालवणारा अल्पवयीन नव्हता, विशीतला होता. तरी आदल्या रात्री त्याला कडक दारू देणाऱ्या जुहूच्या बारला राज्य उत्पादन शुल्क खात्याने सील लावलं, कारण त्याला २५ पूर्ण नव्हती. २१ आणि २५ मधली ही जी चार वर्षं तुमच्या धंद्यात कुणी मोजत नाही, ती त्या दिवशी मोजली गेली.

बिलापेक्षा मला काळजी तुझ्या काउंटरखालच्या पुस्तकाची आहे. गिऱ्हाइकाच्या एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक. विदेशी मद्याला ५ रुपये, देशीला २ रुपये. कायद्याने दारू घेणाऱ्याकडे परवाना हवा. १०० रुपयांचा वर्षाचा किंवा १००० रुपयांचा आजन्म परवाना काढणारे मूठभर, म्हणून दुकानात ही पुस्तकं ठेवतात. आणि ती भरतात कशी, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दुकान बंद झालं की एक जण बसतो आणि सुचतील ती नावं लिहीत सुटतो, पाटील, जाधव, शेख, परत पाटील, वय सगळ्यांचं ३५. हे काम तुझ्याकडे असेल तर आजपासून बंद कर. त्या पानांवर अक्षर तुझं आहे. उद्या तपासणी झाली तर मालक म्हणेल, मी कधी पेनही उचललं नाही, आणि ते खरंही असेल. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव, त्याचं ओळखपत्र बघून, त्याच वेळी लिहायचं. गर्दीत जमत नसेल तर जमत नाही असं मालकाला सांग, पण रात्री बसून माणसं तयार करू नकोस.

आणि नोकरनामा बघ. दुकानात काम करणाऱ्या माणसाची नोंद उत्पादन शुल्क खात्याकडे नोकरनाम्यात व्हावी लागते. तुझं नाव त्यात आहे का, हे तुला माहीत नसेल असा माझा अंदाज आहे, कारण माहीत असतं तर तू पत्रात लिहिलं असतंस. मालकाला विचार. नाव नसेल तर तो त्याचा कसूर आहे, आणि ते तू विचारलंस एवढ्यानेच त्याचा आवाज जरा खाली येईल.

'पप्पांनी पाठवलंय' म्हणणाऱ्या त्या मुलाकडे वळते. 'पप्पांसाठी' हे खरं असेलही. पण बाटली मुलाच्या हातात गेली ती गेलीच, पुढे कुणी प्यायली याचा हिशेब तुला कुणी देणार नाही. शिवाय मुलाकडून दारूची ने-आण करून घेणं हा कलम ७८ चा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तेवढीच, ७ वर्षं आणि १ लाख. यात पप्पाही येतात. आपल्याकडे बापाने पोराला कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आणि दुकानातून चपटी आणायला पिटाळणं कुणाला गैर वाटत नाही, त्यामुळे हे ऐकून ते चिडतील. चिडू देत. पुढच्या वेळी तो आला की मुलाला रागावू नको, त्याच्याशी वाद घालू नको. 'पप्पांना पाठव, तुला देता येत नाही' एवढंच, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघ. तो रोज येत असेल, अंगावर मार दिसत असेल, किंवा स्वतःच पितोय असं वाटत असेल, तर १०९८ ला फोन कर. मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत. फोन केलास म्हणून मुलावर केस होईल ही भीती मनातून काढ. कायदा अशा मुलाकडे आरोपी म्हणून बघत नाही, आणि कलम ७४ प्रमाणे त्याचं नाव-गाव छापायलाही बंदी आहे.

परवाची क्वार्टर देऊन झाली. ती परत घेता येणार नाही. मात्र आपण होऊन त्याबद्दल कुठे काही लिहून देण्याआधी वकिलाशी बोल. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन विचार. कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, पण कोठडीपर्यंत थांबायचं कशाला?

नाही म्हणायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. तू तो विचारला नाहीस, पण सगळ्या पत्रात तोच आहे. रांगेत पंधरा माणसं, पुढच्या पोराच्या मागे त्याचे चार मित्र, आणि तू जाळीमागे एकटा. तिथे 'तुझं वय किती' असं विचारलंस की भांडण लागणारच, कारण कुणीही २६ सांगतं. म्हणून वय विचारूच नको, तारीख माग. काउंटरला आतून एक पाटी लाव, नाहीतर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिही: आजच्या तारखेला वाइन आणि सौम्य बीअरसाठी जन्म अमुक तारखेच्या आधीचा, बाकी मालासाठी अमुक तारखेच्या आधीचा. दोन तारखा, रोज दुकान उघडताना बदलायच्या. मग गर्दीत हिशेब करावा लागत नाही, कार्डावरची तारीख आणि पाटीवरची तारीख, एवढंच. शिवाय नाही तू म्हणत नाहीस, पाटी म्हणते. पोरं माणसाशी भांडतात, पाटीशी कमी.

कार्ड हातात घेऊन बघ. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो चालवून घेऊ नको, त्यातला आकडा बदलायला पाच मिनिटं लागतात. फोनवर दाखवायचंच असेल तर डिजिलॉकर समोर उघडायला सांग. जुन्या आधार कार्डावर पुष्कळदा पूर्ण तारीख नसते, फक्त जन्मवर्ष असतं. तिथे शंका आली तर दुसरं काहीतरी माग. लायसन दाखवलं म्हणजे पोरगा मोठा, असंही नाही. बिनगिअरच्या छोट्या गाडीचं लायसन १६ ला निघतं आणि बाकीचं १८ ला, म्हणजे लायसनवर विश्वास ठेवून तू तीन ते नऊ वर्षांनी चुकू शकतोस. तारीखच वाच.

रिक्षात चार पोरं बसवून एक २६ वर्षांचा उतरतो आणि सगळ्यांचं घेऊन जातो, त्याचं काय, असं तू म्हणशील. त्याला दिलेली बाटली तू त्याला दिलीस. पुढे त्याने ती १६ वर्षांच्या भावाला दिली तर कलम ७७ त्याच्यावर. पण तुझ्या डोळ्यांदेखत रिक्षातली पोरं हात बाहेर काढून ब्रँड सांगत असतील, तर 'मला माहीत नव्हतं' असं तू म्हणू शकणार नाहीस. वर कॅमेरा आहे.

मालकाशी तोंडी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तोंडी झालेलं बोलणं दोघांच्या सोयीने बदलतं. मोबाइलवर साधा मेसेज टाक, अदबीने: 'साहेब, आज तीन लहान मुलांना माल दिला नाही, वय १८ च्या आत वाटत होतं, ओळखपत्र नव्हतं. कमी वयाच्यांना द्यायचा नाही असंच मी धरून चालतोय.' उत्तर 'ठीक' आलं तर तुझं काम झालं. 'दे' असं आलं तर तो मेसेज जपून ठेव, पुढे त्याची किंमत कळेल. बहुतेक उत्तर येणारच नाही, मालक लोक असलं काही लेखी देत नाहीत. तरी तुझ्या बाजूने तारीख-वारासकट नोंद झाली.

मालक शहाणा असेल तर त्याला त्याच्याच भाषेत सांग. दिवसाला दहा-पंधरा पोरं परत गेली तर गल्ला किती घटेल, आणि परवाना महिनाभर निलंबित झाला तर किती बुडेल? हा हिशेब त्याला तुझ्यापेक्षा लवकर करता येतो, फक्त तो अजून कुणी त्याच्यापुढे मांडलेला नाही. अजिबातच ऐकत नसेल आणि रोज शाळकरी मुलांना माल जात असेल, तर तक्रार राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा अधीक्षकांकडे किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर होते. पोर्टलवर नाव-नंबर द्यावा लागतो, हे लक्षात ठेव. तू हे करावंस असं मी म्हणणार नाही, हप्ता तुझ्या डोक्यावर आहे. पण त्याआधी दुसरी नोकरी शोधायला लाग. काउंटर, स्टॉक, बिलिंग येणाऱ्या माणसाला पुण्यात किराणा मॉलपासून मेडिकलपर्यंत काम मिळतं, आणि हातात काम असताना शोधलेली नोकरी बरी मिळते.

पगारातून कापण्याच्या धमकीला मात्र अजिबात भिऊ नको. नोकराकडून दंड वसूल करायला कायद्याने चौकट घातली आहे. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि एका पगाराच्या काळात पगाराच्या ३ टक्क्यांवर दंड लावता येत नाही. परवान्यावर झालेली कारवाई ही मालकाची देणेदारी, ती तुझ्या पगारात वळती करण्याची सोय त्यात नाही. त्याने खरंच पैसे कापले, तर त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी किंवा बँकेतली नोंद घे आणि शिवाजीनगरच्या कामगार आयुक्तालयात जा. पगार रोखीत घेत असशील, तर या महिन्यापासून खात्यात माग.